शिंगराला खोगीर: माप कुठलं घ्यायचं? (घाई आहे, ८ मे ला लग्न)

सुसाट_संगमनेरी (९ जानेवारी)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणली. मारवाडी, कुमैत (तांबूस-तपकिरी) रंग, कपाळावर चांद, नाव हरणी. विकणाऱ्याने साडेतीन वर्षांची सांगितली. आमच्या दादांनी (म्हणजे वडिलांनी) तिचे सगळे केसांचे भोवरे पाहिले, देवमण (गळ्याशी असलेला शुभ भोवरा) बघून एकदम खूष आणि तिथल्या तिथे व्यवहार. आता प्रश्न खोगिराचा. गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाकडे १७ इंची लेदरचं इंग्लिश सॅडल आहे, ते घालून बघितलं तर चार पावलं चालली की सरकत सरकत पुढे खांद्यावर येतं. तो म्हणतो शेपटीला दुमची (खोगीर शेपटीशी अडकवायचा पट्टा) बांधा, तंग (पोटाखालचा पट्टा) अजून दोन भोकं आवळा आणि खाली दोन जाड नमदे (लोकरीच्या घड्या) टाका, बसेल बरोबर. तंग आवळताना ती कान मागे पाडते आणि काल माझ्या दंडाला दात लावले.

माझं वजन ७४. आणि खरं कारण सांगतो, चुलतभावाचं लग्न ८ मे ला आहे आणि नवरदेव हरणीवरूनच येणार असं घरात ठरून बसलंय. नवरदेव ८६ किलो. कोणतं सॅडल घेऊ?

शिलेदार_९६ (९ जानेवारी)

सोप्पंय भाऊ. आमच्या आजोबांनी दीड वर्षाच्या शिंगरावर पोतं टाकून बसायला सुरुवात केली होती, ना ट्री (खोगिराचा सांगाडा) ना फिटिंग. मराठ्यांचे घोडे काय माप घेऊन शिवलेल्या खोगिरावर अटकेला गेले का? तंग आवळा नि बसा.

गोठ्यातला_डॉक्टर (१० जानेवारी)

शिलेदार, अटकेला गेलेले घोडे दीड वर्षाचे नव्हते हो.

सुसाट, खोगिराचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी टाका इथे. एक, ओठ वर करून पुढच्या दातांचा फोटो, वरचे आणि खालचे दोन्ही. दोन, सपाट जागेवर चौरस उभी करून बाजूने पूर्ण फोटो. तीन, खांद्यांच्या मधला उंचवटा (विदर्स) जमिनीपासून किती आणि मागे पुठ्ठ्याचा (कमरेमागच्या भागाचा) सगळ्यात उंच बिंदू किती. काठी आणि गवंड्याची लेव्हल असली की काम होतं. भोवरे पाहिलेत ते ठीक, दात पाहिले का कुणी?

सुसाट_संगमनेरी (११ जानेवारी)

डॉक्टर फोटो टाकलेत. उंची पुढे १४१ सेंमी, मागे १४५. दात कुणीच पाहिले नव्हते. दादा म्हणाले बैलाचे बघतात दात, घोडीचे कशाला.

गोठ्यातला_डॉक्टर (११ जानेवारी)

बैलाचे बघतात त्याच कारणासाठी.

फोटो स्पष्ट आहे. मधले दोन वर आणि दोन खाली एवढेच नवीन आहेत, मोठे, रुंद, कडा अजून झिजलेल्या नाहीत. बाजूचे सगळे दुधाचे, ते लहान, पांढरेशुभ्र, हिरडीजवळ बारीक झालेले दिसतील. घोड्यात मधली जोडी साधारण अडीच वर्षांला बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला. साडेतीनची असती तर वर चार आणि खाली चार पक्के दात दिसले असते. ही अडीच, फार तर पावणेतीन. एक वर्ष जास्तीचं विकलंय तुम्हाला.

आणि पुढे १४१ मागे १४५ म्हणजे सॅडल पुढे का येतं त्याचं उत्तर मिळालं. वाढत्या वयात शिंगरू कधी मागून उंच होतं, मग पुढचं भरतं, पुन्हा मागचं. तिची पाठ सध्या उतारासारखी आहे. उतारावर ठेवलेली वस्तू खाली येणार, त्यात खोगिराचा काय दोष?

सुसाट_संगमनेरी (११ जानेवारी)

🤦 दादांना अजून सांगितलं नाहीये.

लालमाती (१२ जानेवारी)

माथेरानचा आहे, घरात तीन पिढ्या घोडे. आमच्याकडे बाहेरच्या मोटारींना बंदी, त्यामुळे घोड्याची पाठ गेली की चूल बंद, म्हणून पाठीबद्दल थोडं कळतं असं समजून बोलतो.

दुमचीचं आधी सांगतो. दुमची उतारावर, म्हणजे डोंगर उतरताना, खोगीर पुढे येऊ नये म्हणून मदतीला असते, आम्हीपण वापरतो. पण सपाट जमिनीवर पुढे येणारं खोगीर शेपटीला बांधून मागे धरायचं म्हणजे सगळा ओढा शेपटीच्या मुळाशी, तिथली कातडी किती नाजूक असते हात लावून बघा. दोन दिवसांत सोलणार आणि मग ती लाथ मारायला शिकणार. शिकवली कुणी, तर आपण.

दोन नमदे तर अजिबात नाही. खोगीर आधीच अरुंद असेल तर खाली जाडी वाढवून ते अजून अरुंद होतं. ब्लाउज घट्ट होतोय म्हणून आत स्वेटर घालण्यातला प्रकार आहे. रुंद असेल तर एखादा नमदा चालून जातो, अरुंद असेल तर कुठलाच नमदा वाचवत नाही.

आणि तंग आवळताना कान पाडते, चावते, हा तिचा स्वभाव समजू नका. ती बोलतेय.

इंग्लंडवाली_वहिनी (१२ जानेवारी)

लालमाती दादांना +१. मी यॉर्कशायरमधे घोड्यांच्या एका यार्डवर (तबेल्यात) वीकेंडला काम करते (नवरा आयटीत, मी घोड्यात, घरात यावरून रोज विनोद). इथे तरुण घोड्याला पहिलं सॅडल घेताना फिटर येऊन माप घेतो आणि जाताना सांगूनच जातो की ३-४ महिन्यांनी परत बोलवा, म्हणजे एकदा बसलं म्हणून कायमचं बसलं असं इथेही कुणी धरत नाही.

फिटर काय बघतो ते लिहिते, घरीही बघता येईल. पॅड न घालता नुसतं सॅडल पाठीवर थोडं पुढे ठेवायचं आणि मागे सरकवत आणायचं, ते आपोआप एका जागी अडकतं, ती त्याची जागा. खांद्याचं हाड, म्हणजे फरं, हाताने चाचपून त्याच्या मागची कड शोधा, सॅडलच्या आतला कडक सांगाडा (ट्री) त्या कडेच्या दोन-तीन बोटं मागे सुरू झाला पाहिजे. कारण घोडा पुढचा पाय टाकतो तेव्हा फऱ्याचा वरचा भाग मागे येतो, तिथे कडक काही असलं की प्रत्येक पावलाला धडक. मागची हद्द शेवटची बरगडी. पोटाच्या बाजूने शेवटची बरगडी सापडली की तिच्यावरून बोट वर पाठीपर्यंत न्या, त्याच्या मागे वजन येता कामा नये, तिथून मागे आधाराला बरगड्याच नाहीत. अडीच वर्षांच्या घोडीला १७ इंची सॅडल बहुतेक त्या रेषेच्या बाहेर जाईल, बघाच.

मग उंचवट्यावर दोन-तीन बोटं मोकळी, आणि मधली नाळ, जिच्यातून कणा जातो, पुढून मागेपर्यंत तीन-चार बोटं रुंद. बऱ्याच स्वस्त सॅडलमधे ती पुढे रुंद आणि मागे दीड बोट, तिथेच घोडं पेंड खातं. शेवटी हात आत घालून पुढून मागेपर्यंत सरकवा, दाब सगळीकडे सारखा लागायला हवा. मधे हात मोकळा आणि दोन्ही टोकांना घट्ट, म्हणजे सॅडल पुलासारखं टेकलंय, चार जागांवर सगळं वजन.

शिलेदार_९६ (१२ जानेवारी)

एवढं सगळं बघायचं तर सायकल घेतलेली बरी.

इंग्लंडवाली_वहिनी (१२ जानेवारी)

घ्या ना. सायकलचीही सीट अॅडजस्ट करतातच की.

गोठ्यातला_डॉक्टर (१३ जानेवारी)

वाढीचं थोडं सांगतो, कारण "तीन वर्षांचा झाला की चालतो" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, ती पक्की झाली की ते हाड लांबायचं थांबतं. घोड्यात हे खुराकडून वर होत जातं. नळीच्या (गुडघ्याखालच्या) हाडाचं खालचं टोक वर्षाच्या आतच बंद होतं, गुडघ्याच्या वरचं साधारण दोन ते अडीच वर्षांत, आणि सगळ्यात शेवटी कणा, तो पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असतो, उंच जातीत त्याहून पुढे. म्हणजे आपण बसतो नेमकं तेच सगळ्यात शेवटी पक्कं होतं. घोडी उंच दिसते, पाय लांब दिसतात, म्हणून आपण फसतो.

याचा अर्थ पाच वर्षं हात लावायचा नाही असा नाही. रेसचे घोडे दोन वर्षांत पळतात हे मला माहीत आहे, कुणी लिहायच्या आधी मीच लिहून टाकतो. पण त्यांच्यावरचा जॉकी पन्नासेक किलोचा असतो आणि सॅडल हातात धरलं तर कळत नाही इतकं हलकं. ८६ किलोचा नवरदेव हा वेगळा विषय आहे.

सुसाट, आता वजन काढा. टेप घ्या, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमधे. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. किलो येतात, अंदाजे, पण कामापुरते.

सुसाट_संगमनेरी (१३ जानेवारी)

घेर १५८, लांबी १४२. २९८ किलो आलं. बरोबर ना?

गोठ्यातला_डॉक्टर (१३ जानेवारी)

बरोबर. पूर्ण वाढलेल्या, कामाची सवय असलेल्या घोड्यालाही स्वार आणि खोगीर मिळून वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतच ठेवावं असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. २९८ चे २० टक्के म्हणजे जेमतेम ६०. त्यातून ८ किलो सॅडल वजा केलं की उरले ५२. आणि ही पूर्ण वाढलेली नाही. तुम्ही ७४. नवरदेव ८६, अधिक शेरवानी, फेटा, तलवार आणि पुढ्यात बसवलेला भाचा.

मधुरा_के (१३ जानेवारी)

भाचा 😂😂 हे डॉक्टर आमच्या लग्नात होते का? वाचतेय, धागा भारी चाललाय, घोड्याशी माझा संबंध महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी दहा मिनिटं एवढाच.

निवृत्त_नाना (१४ जानेवारी)

फौजेत घोड्यांवर बावीस वर्षं काढली म्हणून लिहितो. आमच्याकडे ट्रूप सॅडलखाली ब्लँकेटची घडी असायची. लांब कामगिरीवर घोडा अंगाने उतरायचा, मग घडी बदलायची, एक पदर वाढव, एक कमी कर, रोज सकाळी हात फिरवून ठरवायचं. म्हणजे पूर्ण वाढलेल्या घोड्याचीही पाठ महिन्याभरात बदलते. शिंगराची तर वाढतेय.

शिलेदार बाळा, नाव शिलेदार घेतलंयस म्हणून सांगतो. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा, बारगीर म्हणजे ज्याला सरकारातून मिळाला. स्वतःचा घोडा असलेला माणूस पाठ सांभाळतो, मेला तर त्याचं जातं. तुझं लिहिणं बारगिराचं आहे.

आणि खोगीरभरती आपण फालतू मालाला म्हणतो, पण खरी खोगीरभरती, म्हणजे आत भरलेली लोकर, हीच सगळ्यात मोलाची गोष्ट. ती गाठी धरली, एका बाजूला बसली, की पाठ गेली.

शिलेदार_९६ (१४ जानेवारी)

नाना 🙏 मागे घेतो. पण आजोबांची घोडी खरंच वीस वर्षं चालली हो.

निवृत्त_नाना (१४ जानेवारी)

आजोबा किती किलोचे होते?

शिलेदार_९६ (१४ जानेवारी)

...४८ असतील.

इंग्लंडवाली_वहिनी (१५ जानेवारी)

नानांनी भरतीचं काढलं ते बरं केलं. सुसाट, पुढे घ्याल तेव्हा पॅनेलमधे (खोगिराखालच्या गादीत) लोकर असलेलंच बघा, फोम नको. लोकर कमीजास्त करता येते, फोम आहे तसाच राहतो आणि काही वर्षांत चपटा होतो. नवीन लोकर पहिल्या काही महिन्यांत दबते, तेव्हा सॅडल उंचवट्यावर खाली येतं, म्हणून तपासत राहायचं.

दुसरा मार्ग गलेट बदलता येणारी सिंथेटिक सॅडल. विंटेक कंपनीवाल्यांची आहेत, पुढची लोखंडी पट्टी (गलेट) स्क्रू काढून बदलायची, रंगावरून माप कळतं, पिवळी सगळ्यात अरुंद, मग हिरवी, काळी, निळी, लाल, आणि पांढरी सगळ्यात रुंद. वजनाला हलकी. दिसायला प्लॅस्टिकची वाटतात हे खरं, पण वाढत्या घोड्याला दर सहा महिन्यांनी नवीन लेदर सॅडल कोण घेणार? फक्त एक, पट्टी बदलली की पुढची रुंदी बदलते, पाठीची लांबी आणि वळण नाही बदलत, त्यामुळे बाकीचं बघावंच लागतं.

ट्रीलेस कुणी सुचवेल त्याआधीच सांगते, माप घ्यायचं नाही म्हणून लोक ती घेतात. त्यात सांगाडा नसतो, वजन पसरत नाही, रिकिबीवर उभं राहिलं की सगळा भार पट्टा जिथे अडकवलाय तिथे. हलक्या माणसाला थोडा वेळ ठीक.

लालमाती (१५ जानेवारी)

आता मापाचं माझं. फिटर आपल्याकडे कुठून आणायचा, पुण्या-मुंबईच्या क्लबांपाशी कुणी भेटला तर भेटला. तार घ्या. पोलावरून मीटरला येते ती जाड सर्व्हिस वायर, हातभर, वाकवली की तशीच राहते. फऱ्याच्या मागच्या कडेला पाठीवर आडवी ठेवा, दोन्ही बाजूंनी दाबून अंगाला चिकटवा, अलगद उचला, पुठ्ठ्यावर ठेवून आतल्या कडेने पेन्सिल फिरवा. मग बसायच्या जागी एक, शेवटच्या बरगडीपाशी एक. तीन रेषा. तारीख टाका, डावी-उजवी लिहा. घोडी चौरस उभी पाहिजे आणि मान सरळ, ती चाऱ्याकडे वाकली की रेषा वाकडी. दोन महिन्यांनी परत, त्याच पुठ्ठ्यावर दुसऱ्या रंगाने.

सॅडल कानपूरहून मागवायचं असलं तरी हाच पुठ्ठा कापून पाठवा. नुसतं "मीडियम पाठवा" म्हणालात तर ते त्यांचं मीडियम पाठवतील, हरणीचं नाही.

सुसाट_संगमनेरी (१९ जानेवारी)

सगळ्यांचे आभार, आणि घरचा रिपोर्ट देतो. दादांना दाताचं सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन ओठ वर करून बघून आले आणि म्हणाले "बैलाचंच गणित आहे की हे." मग लग्नाचं काढलं तर काकू म्हणाल्या, आता पत्रिकेवर घोड्याचं चित्र छापून झालंय. मी म्हटलं चित्र राहू द्या, चित्रातल्या घोड्याला वजन लागत नाही. सध्या वातावरण तंग आहे (हरणीचा तंग मात्र सोडलाय).

तोपर्यंत हिला करायचं काय? नुसती उभी ठेवली तर भिंती खाते.

निवृत्त_नाना (१९ जानेवारी)

शिकव. हातात धरून चालायला, थांबायला, मागे सरायला, चारही पाय उचलून द्यायला. लांब दोराने मागून चालत लगाम शिकव, गावातून फिरव, ट्रॅक्टर, बँड, प्लॅस्टिक, कुत्री सगळं दाखव. गोल फिरवणं कमी, दहा मिनिटं पुरे, लहान वर्तुळात सांध्यांवर ताण येतो. पाठीवर नुसता नमदा आणि सैल पट्टा, रोज पाच मिनिटं, चारा खाताना. बसायच्या आधी येणारी नव्वद टक्के अक्कल जमिनीवरून येते.

सुसाट_संगमनेरी (२८ मार्च)

धागा वर काढतोय. तारेचं दुसरं माप घेतलं. खांद्यामागची रेषा जानेवारीपेक्षा खाली दोन्ही बाजूंना मिळून दीड सेंमी रुंद. उंची पुढे १४४, मागे १४६. म्हणजे जानेवारीत ते १७ इंची घेतलं असतं तर आत्ताच अडचण झाली असती, दोनच महिने झालेत! आणि तंग दाखवला की आता कान पाडत नाही, सैल पट्ट्याची सवय लागली. दादांनी पुठ्ठा ओसरीत खिळ्याला टांगलाय, येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगतात, जणू त्यांनीच शोध लावला.

सुसाट_संगमनेरी (१० मे)

लग्न झालं. शेजारच्या गावातली अकरा वर्षांची वरातीची घोडी आणली, तिला डीजेचं काहीच नाही, तीच नवरदेवाला सांभाळत होती. भाचा पुढ्यात बसणार होता, दादांनी बसू दिला नाही, भर वरातीत ११८८० चं गणित सांगायला लागले. उतरल्यावर मी त्या घोडीचं खोगीर काढून पाठ बघितली तर उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढरे केसांचे ठिपके. मालक म्हणाला जन्मापासूनची खूण आहे. 

लालमाती (१० मे)

दोन्ही बाजूंना, बरोबर समोरासमोर? ती खोगिराची खूण. दाबाने केसाचं मूळ दुखावलं की पुढचा केस पांढरा येतो, तो परत काळा होत नाही. खोगीर काढल्यावर घामही बघत जा, सगळीकडे ओलं आणि मधेच एखादा कोरडा चट्टा राहिला की तिथे दाब जास्त. ठिपका उगवायच्या आधी तो चट्टा महिनोन् महिने दिसत असतो.

सुसाट_संगमनेरी (२२ ऑक्टोबर)

पाच रेषा झाल्या पुठ्ठ्यावर. घेर १६६, लांबी १४६, म्हणजे ३३९ किलो. पुढे-मागे उंची आता सारखी, १४७. दुसऱ्या जोडीचे दुधाचे दात हलायला लागलेत. गलेट बदलायचं १६ इंची सिंथेटिक सेकंडहँड ९ हजारांना मिळालं, काळी पट्टी लावली, वहिनींनी सांगितलेलं सगळं तपासलं, मागून बरगडीच्या आत बसतंय. रोज नुसतं घालून एक चक्कर मारतो. धाकटी बहीण ४४ किलोची आहे, पुढच्या वर्षी पहिल्यांदा तीच बसणार आणि हे ऐकल्यापासून घरात तिचा भाव वाढलाय.

शिलेदार_९६ (२२ ऑक्टोबर)

भावा, आमच्याकडे पण नवीन शिंगरू आलंय. ती सर्व्हिस वायर किती एमएमची घेतलीस?

सुसाट_संगमनेरी (२३ ऑक्टोबर)

एमएम नाही बघितले, वायरमनकडून उरलेला तुकडा मागितला. आधी दात बघ 😄